किटमधले छोटे रॉकेट : चार शनिवारांचा अभ्यासपाठ



या अंकातला पाठ नेहमीसारखा वही-पुस्तकाचा नाही. आपल्या मंडळीतल्या एका घरचा मुलगा परदेशी नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने वसतिगृहातील मुलांसाठी छोट्या रॉकेटचे एक किट आणले. दीड वर्ष ते कार्यालयाच्या कपाटावर तसेच पडून होते, कारण खोक्यात रॉकेटचे सगळे भाग होते, पण ते उडवणारे इंजिन नव्हते. आणणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. त्या इंजिनात दारू भरलेली असते, ती विमानातून नेता येत नाही. मुलांना मात्र खोका रोज दिसे. त्यावर निळ्या आकाशात झेपावणाऱ्या रॉकेटचे चित्र होते. महिन्या-पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारायचेच, "सर, ते कधी उडवता जी?"

शेवटी जानेवारीत आम्ही खोका उघडला. शनिवार संध्याकाळच्या अभ्यासवर्गातले चार शनिवार त्यात गेले. काय केले, कुठे चुकलो आणि मूळ बेत का बदलला, ते सांगतो. ज्यांना आपल्या रविवारच्या शाळेत किंवा गावच्या मुलांबरोबर हे करायचे असेल त्यांना उपयोग होईल.

रॉकेट हा विषय आपल्या जिल्ह्याला तसा परका नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र आठवा. पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटते गोळे ओळीने जाताना विदर्भभर लोकांनी पाहिले. घुग्घुसमध्येही लोक गच्चीवर उभे राहून बघत होते. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूची एक मोठी कडी येऊन पडली. तिचा व्यास सुमारे तीन मीटर होता. पुढे आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. दैव चांगले, कोणाला इजा झाली नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. अवकाशातील वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी हिशेब मांडून सांगितले, की हे बहुधा चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे तुकडे असावेत. म्हणजे काम संपलेले एक रॉकेट वर्षभर पृथ्वीभोवती फिरून आपल्या रानात उतरले.

पहिल्या शनिवारी मी येथूनच सुरुवात केली. सिंदेवाहीकडच्या एका मुलीने ती कडी पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष पाहिली होती, त्यामुळे माझ्यापेक्षा तिचेच व्याख्यान जास्त झाले. मग मी खोक्यातले भाग चटईवर मांडले. तेव्हा एटापल्लीकडचा सातवीतला एक मुलगा थोडा मागे सरकला. मराठी त्याला समजते, पण वर्गात तो सहसा बोलत नाही. त्याने हळूच विचारले, "हे फुटते का?"

मी लगेच 'नाही' म्हणालो. नंतर रात्री त्याच्या प्रश्नाचा विचार करीत बसलो. तिकडच्या मुलांना लहानपणापासून शिकवलेले असते, की वाटेत नळकांडे, डबा, वायर दिसली तर हात लावायचा नाही, माघारी फिरायचे. आणि माझ्यासमोर चटईवर काय होते? एक नळकांडे, त्यात बसवायचे लहान नळकांडे आणि खोक्यावर छापलेले वायरीचे चित्र. खेळणे म्हणून ते फक्त मला दिसत होते.

त्यामुळे दुसऱ्या शनिवारी आधी गोष्ट सांगितली, हत्यारे मागाहून बाहेर काढली. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ जाते, म्हणून वरच्या वातावरणाचा अभ्यास करायला डॉ. विक्रम साराभाई यांना नेमकी तीच जागा हवी होती. पण तेथे मेरी मॅग्डलीन यांच्या नावाचे देऊळ होते आणि भोवती कोळ्यांची घरे. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी स्वतः हो किंवा नाही म्हटले नाही. रविवारी उपासनेत त्यांनी सर्व मंडळीपुढे प्रश्न ठेवला आणि मंडळीने 'आमेन' म्हटले. हा प्रसंग डॉ. अब्दुल कलाम यांनी लिहून ठेवला आहे. देवळाच्या इमारतीत कार्यालय आले, प्रार्थनेच्या खोलीत कलामांची पहिली प्रयोगशाळा लागली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी अमेरिकेकडून मिळालेले 'नायकी-अपाची' रॉकेट तेथून आकाशात गेले. त्या काळात रॉकेटचे भाग सायकलवरून नेत असत. मुलांना सगळ्यात जास्त आवडले ते सायकलचे. देऊळ आज अवकाश संग्रहालय आहे.

त्यानंतर चार वर्षांनी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, भारतात बनलेले पहिले 'रोहिणी' रॉकेट उडाले. त्याचे नाव आरएच-७५, कारण त्याचा व्यास ७५ मिलिमीटर होता. पट्टीवर साडेसात सेंटिमीटर मोजून आम्ही कागदाची गुंडाळी केली. पाण्याच्या बाटलीएवढी झाली. "एवढंच?" असे चार-पाच जण एकदम म्हणाले. तो मागे सरकलेला मुलगा गुंडाळी हातात घेऊन तिच्यातून माझ्याकडे पाहत होता.

आता किटकडे येऊ. त्यात जाड कागदाची सुमारे तीस सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर व्यासाची नळी असते. पुढे बसवायचे प्लास्टिकचे टोक, मागे लावायचे हलक्या बाल्सा लाकडाचे तीन पंख, आत इंजिन धरून ठेवणारी छोटी नळी व तिच्या दोन चकत्या, एक रबरी दोरी आणि प्लास्टिकची छोटी हवाई छत्री. शिवाय एक बारीक नळी बाहेरून चिकटवायची असते. रॉकेट सोडताना ती जमिनीत उभ्या केलेल्या सळईत ओवतात, म्हणजे वेग येईपर्यंत रॉकेट सरळ राहते.

मुलांनी विचारले, पंख कशाला? पक्ष्यासारखे हलत तर नाहीत. मी फळ्यावर आकृती काढायला वळलो तोच मागून आवाज आला, "हे तं बाणच होय ना जी." तोच मुलगा. त्याच्या आजोबांच्या बाणाला मागे पिसे आहेत आणि पुढे लोखंडी टोक. "पिसं निघाली की बाण भटकते," तो म्हणाला. मी खडू खाली ठेवला.

खरोखर सगळा पाठ त्या एका वाक्यात आहे. वस्तू हवेतून जाताना दोन ठिकाणे महत्त्वाची असतात. एक वजनाचा मध्य : रॉकेट बोटावर आडवे ठेवले की जेथे तोल राहतो ती जागा. दुसरा वाऱ्याचा मध्य : बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा एकूण रेटा जेथे लागतो ती जागा. वजनाचा मध्य पुढे आणि वाऱ्याचा मध्य मागे असेल, तर रॉकेट जरा तिरके झाले की वारा त्याची शेपटी ढकलून पुन्हा रांगेत आणतो. उलट असेल तर ते कोलांटी खाते. पंख शेपटीकडे वाऱ्याला पकड देतात आणि टोकाचे वजन तोल पुढे ओढते. दोन मध्यांत निदान नळीच्या व्यासाएवढे अंतर असावे, असा रॉकेट बनवणाऱ्यांचा नियम आहे. वाऱ्याचा मध्य शोधायचा सोपा उपाय म्हणजे रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर काढून कापायची आणि ती पट्टीच्या कडेवर तोलायची. तोल मिळाला ती जागा साधारण खरी धरता येते, आणि चूक झालीच तर ती सुरक्षिततेच्या बाजूने होते.

पंख लावण्याचे काम सर्वांत नाजूक. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर घ्यावा, तिचे तीन सारखे भाग करावे व खुणा नळीवर उतरवाव्या. गोल नळीवर सरळ रेघ कशी मारायची? नळी दाराच्या चौकटीच्या खाचेत टेकवून खाचेच्या कडेने पेन्सिल ओढायची. पंख कापताना लाकडाची शीर पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवी, नाहीतर पंख बोटाने दाबताच मोडतो. बांबूकाम पाहिलेल्या मुलांना हे सांगावे लागले नाही. पांढरा डिंक कडेला लावून दोन-तीन मिनिटे थोडा सुकू द्यावा, पुन्हा पातळ हात द्यावा आणि मग पंख टेकवून धरावा. सुकल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंनी बोटाने डिंकाची बारीक गोलाई भरावी. एका पंखासाठी पाव तास लागतो असे धरा.

आम्ही तो दिला नाही. चूक माझी. जेवणाची घंटा झाली म्हणून तिसरा पंख घाईने चिकटवला आणि रॉकेट व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवले. सकाळी पाहतो तर तो पंख चांगला बोटभर तिरका. शिवाय ओल्या डिंकावर रात्रभरात काळी धूळ बसली होती. घुग्घुसच्या वाचकांना तिच्याविषयी वेगळे सांगायला नको, खाणी आणि कारखान्यांच्या गावात उघड्यावर काही सुकत घालणे म्हणजे त्याला काळा रंग देणेच. पंख ब्लेडने सोडवून पुन्हा लावला. नळीवर जखम राहिली ती राहिली. मुले आजही पाहुण्यांना ती दाखवतात आणि माझे नाव सांगतात.

इंजिनाविषयीही मुलांना शिकवले, फक्त कागदावर. किटच्या माहितीपत्रकात 'बी६-४' असे लिहिले होते. पहिले अक्षर एकूण ढकल सांगते. 'ए' म्हणजे जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, 'बी' म्हणजे पाच, 'सी' म्हणजे दहा, असे दुपटीने वाढत जाते. सहा म्हणजे सरासरी जोर सहा न्यूटन. पाचाला सहाने भागले की कळते, दारू एक सेकंदही जळत नाही. चाळीस ग्रॅमच्या रॉकेटचे वजन सुमारे ०.४ न्यूटन, म्हणजे त्याच्या वजनाच्या पंधरापट जोर! शेवटचा चार म्हणजे जळणे संपल्यावर चार सेकंद थांबून एक छोटा उलटा स्फोट होतो, तो टोक बाहेर फेकतो आणि छत्री उघडते.

अशी तयार इंजिने निघाली त्याला कारण होते. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे जोड्यांचे दुकानदार होते. त्यांनी भावाबरोबर १९५४ च्या सुमारास असे पहिले छोटे रॉकेट बनवले. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला आणि तिकडची मुले घरीच दारू कुटून रॉकेटे करू लागली, त्यात अपघात होऊ लागले. जी. हॅरी स्टाइन या रॉकेट-सुरक्षा जाणणाऱ्या गृहस्थांना कार्लाइल यांनी आपले रॉकेट पाठवले. पुढे व्हर्न एस्टीस यांनी इंजिने भरण्याचे यंत्रच बनवले. मुलांनी दारूला हात लावू नये, हाच त्यामागचा हेतू होता.

आपल्या एका मोठ्या मुलाने मला अगदी हळू आवाजात सुचवले, की दिवाळीच्या दोन बाणांतली दारू काढून भरली तर? वाचकहो, हे वाचून कोणाच्याही मुलाला ही कल्पना सुचली तर कृपा करून तेथेच थांबवा. कागदाच्या नळीत ठासलेली मोकळी दारू हा बॉम्ब असतो. परदेशी असलेल्या आप्तांनाही सांगा, इंजिने पाठवू नका, सामानात घालू नका. ती आपल्या कायद्याने स्फोटके ठरतात. या विषयाचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, पेसोचे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

आणि समजा, परवान्याने इंजिन मिळालेच असते, तरी मी ते येथे वापरले नसते. कार्यालयातल्या एका-दोघांना हे पटलेले नाही. त्यांचे म्हणणे, मुलांना खरे रॉकेट पाहू द्यावे. पण मार्चपासून आपल्या रानात वाळल्या पाचोळ्याला ठिणगी पुरते. दुसरे कारण तो पहिल्या शनिवारचा प्रश्न. जी गोष्ट मूल सुट्टीत आपल्या गावी नेऊन निर्धास्तपणे दाखवू शकत नाही, ती त्याला शिकवून मी काय साधणार होतो?

म्हणून किटचे रॉकेट आमचा नमुना झाले, आणि मुलांनी त्यावरून कागदाची रॉकेटे केली. ती हवेच्या दाबाने उडतात. साहित्य असे : दोन लिटरची शीतपेयाची रिकामी बाटली, नळकाम करणाऱ्याकडचा अर्धा इंची पाइप दीड-दोन मीटर, एक एल्बो, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि चिकटपट्टी. पाइपला ट्यूबची पट्टी गुंडाळून तो बाटलीच्या तोंडात घट्ट बसवायचा. दुसऱ्या टोकाला एल्बो लावून हातभर पाइप उभा करायचा आणि तो विटांमध्ये पक्का रोवायचा. त्याच पाइपवर साधा ए-४ कागद गुंडाळून नळी करायची. ती सैलसर सरकली पाहिजे. टोकाला कागदाचा शंकू, त्यात बोराएवढा कणकेचा गोळा, मागे पुठ्ठ्याचे तीन पंख. टोकाचा सांधा चिकटपट्टीने चांगला बंद करावा, कारण हवेचा सगळा धक्का तेथेच बसतो. बाटलीवर जोरात पाय मारला की रॉकेट सुटते. पाय मारण्याआधी सगळे पाच पावले मागे, आणि उभ्या पाइपवर कोणीही वाकायचे नाही. ही ताकीद एकदा देऊन भागत नाही, प्रत्येक वेळी द्यावी लागते.

काटेकोर बोलायचे तर हे रॉकेट नव्हे, फुंकून मारलेला बाण आहे. खरे रॉकेट आपला जोर पोटात घेऊन जाते आणि मागे वायू फेकत स्वतः पुढे सरकते. तो भाग आम्ही फुगा फुगवून मोकळा सोडून दाखवला. फुगा भलतीकडेच गेला, तेव्हा मुलेच म्हणाली, "याला पंख नाहीत ना जी."

चौथ्या शनिवारी सकाळी, वारा पडलेला असताना, मैदानात गेलो. मुद्दाम एक रॉकेट बिनपंखाचे केले होते. ते माणसाच्या उंचीवर जाऊनच लोळले. कणीक नसलेले एक उलटे होऊन आले. तिरक्या पंखांचे गरगरत गेले, पण सरळ गेले, याचे मुलांना नवल वाटले. बाणाचे ज्ञान सांगणाऱ्याचे रॉकेट सर्वांत वर गेले. त्याने कणीक इतरांपेक्षा थोडी जास्त घातली होती आणि आधी ते बोटावर तोलून पाहिले होते.

किती वर गेले हे मोजण्याचे काम दहावीच्या मुलींकडे होते. कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला नट बांधून त्यांनी साधन केले. सोडण्याच्या जागेपासून १५ मीटरवर उभे राहून रॉकेटचे शिखर पाहायचे आणि कोन वाचायचा. ४५ अंश आला तर उंची सरळ १५ मीटर, अधिक आपल्या डोळ्यांची उंची. त्या मुलाच्या रॉकेटचा कोन ५० अंश आला. टॅन ५० म्हणजे १.१९. पंधराने गुणून डोळ्यांची उंची १.३ मीटर मिळवली, उत्तर सुमारे १९ मीटर. जिवतीकडची एक मुलगी उत्तर पुन्हा पुन्हा तपासत होती. त्रिकोणमितीच्या धड्यातला उन्नत कोन तिने वर्षभर पाठ केला होता. "याच्यासाठी होय का तो?" एवढेच ती म्हणाली.

किटच्या रॉकेटचे काय झाले, असे आपण विचाराल. त्याच्या नळीत इंजिनाच्या वजनाएवढी वाळूची पुडी बसवली आणि तोल राहतो तेथे दोरा बांधून ते डोक्याभोवती गोल फिरवले. टोक पुढे ठेवून ते नीट फिरले, म्हणजे उडवले असते तर सरळ गेले असते. छत्रीवर टाल्कम पावडर भुरभुरवून घडी घातली, कारण प्लास्टिक आपसांत चिकटते, आणि टोक सैल ठेवून गच्चीवरून सोडले. दोनदा छत्री उघडली. तिसऱ्यांदा दोरे गुंतले आणि ते कपडे वाळत घातलेल्या तारेवर अडकले. आता ते अभ्यासाच्या खोलीत छताला टांगले आहे.

हा पाठ आपल्याकडे करायचा असेल तर कागद-पुठ्ठ्याखेरीज दोन मीटर पाइप, दोन एल्बो आणि चार रिकाम्या बाटल्या जमवा. बाटल्या लवकर चिरतात. वसतिगृहासाठी कोणी काही देऊ इच्छीत असेल तर कोनमापक आणि मोजपट्टी द्यावी, किट नको.

सुट्टीत तो मुलगा एक पाइप आणि बाटली घरी घेऊन गेला. परवा त्याच्या गावच्या शिक्षकांच्या फोनवरून त्याचा फोन आला. रॉकेट आजोबांना दाखवले का, असे मी विचारले. दाखवले म्हणाला. आजोबा काय म्हणाले?

"पंख लहान करा म्हणते. आणि सर, एल्बो फुटला जी. दुसरा पाठवा."

एल्बो सोमवारच्या बसने पाठवला आहे.